बिनरॉडचं बोनट

पारडीतल्या आमच्या गल्लीला उन्हाळ्यात जाग यायची ती नथ्थूजी गिरडकरांच्या कूलरच्या आवाजानं. कूलर चालल्याच्या नव्हे, कूलरनं मार खाल्ल्याच्या. पहाटे बाजारात निघण्याआधी ते अंगणात यायचे, कूलरचा पंप पाणी ओढत नाही असं त्यांना वाटायचं आणि पत्र्यावर असे दोन हात बसायचे की आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. मग पंप सुरू झाला तर ते समाधानानं म्हणायचे, "दोन हाणल्या का समजते." आणि नाही झाला तर तिसरी हाणायचे.

मी त्यांना काकाजी म्हणायचो. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, त्यामुळे नातं आपोआपच जडलं, मला विचारलं कोणी नव्हतं. काकाजी कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे अडते होते. बुटके, रुंद, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, उजव्या हातात पोवळ्याची अंगठी. तळहात इतके मोठे की संत्रं त्यात लिंबासारखं दिसायचं. आवाज लिलावात कमावलेला. घरात मीठ मागितलं तरी बोली लावल्यासारखं ऐकू यायचं.

त्यांच्या लेखी जगात काहीही बिघडत नसे, फक्त माजत असे. स्कूटर सुरू होत नाही म्हणजे ती माजली. सेटटॉप बॉक्स चित्र दाखवत नाही म्हणजे तो नाटक करून राहिला. टरबूज घेतानासुद्धा ते चापट मारून बघायचे, इथवर ठीक आहे, सगळेच मारतात. पण यांची चापट इतकी जोराची की गाडीवाला हात जोडून म्हणायचा, "काकाजी, हे फुटलं आता, घेऊनच जा." ते घेऊन जायचे. हसत जायचे. गल्लीला वाटायचं, काय दिलदार माणूस आहे.

त्यांची बाजारातली एक गोष्ट तर गल्लीत वर्षानुवर्षं चघळली गेली. एका व्यापाऱ्यानं क्रेटमध्ये वर चांगली संत्री रचून खाली सडकी भरली. काकाजींनी क्रेट पालथा केला, त्या व्यापाऱ्याला भर लिलावात खाली बसवलं आणि त्याचीच सडकी संत्री एकामागून एक त्याला खायला लावली. सालीसकट. तो ओकायला झाला तेव्हा थांबले, त्याला उभं केलं आणि मग अशी थप्पड दिली की त्याची टोपी पलीकडच्या ढिगात जाऊन पडली. संध्याकाळी त्याच माणसाला घरी जेवायला आणलं. काकूंनी झणझणीत सावजी रस्सा केला होता. मी त्या पंक्तीला होतो. माणूस एका बाजूनंच चावत होता आणि काकाजी त्याच्या ताटात आग्रहानं मटण वाढत होते.

"आधी दाखवाव लागते," त्या रात्री त्यांनी मला समजावलं. "त्याचा गुन्हा त्याच्या डोळ्यानं त्याले दिसला पायजे. मंग हाणाव. नाई तं मार वाया जाते."

ही त्यांची पद्धत होती आणि ती त्यांनी कधीच मोडली नाही. आधी दाखवायचं, मग हाणायचं. गल्लीतली माणसं ही गोष्ट सांगताना पोट धरून हसायची.

दुसऱ्या एका आवाजाबद्दल मात्र कोणी काही सांगायचं नाही. तो भिंतीतून यायचा. आधी काकाजींचा आवाज, मग भांडं पडल्याचा, मग एक असा आवाज की जो एकदा ओळखीचा झाला की दुसऱ्या कशाचा वाटत नाही. मग शांतता. मग थोड्या वेळानं कुकरची शिट्टी, जसं काही झालंच नाही. सकाळी शेवंताकाकू ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या दिसायच्या, पदर एका गालावर ओढलेला.

"काकू, काय झालं?"

"काई नाई बापू. कूलरचं झाकण लागलं."

त्या घरात कूलरनं किती वेळा दुसऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं याचा हिशेब नाही. एकदा मला राहवलं नाही, मी जाऊन दार ठोठावलं. काकाजींनी दार उघडलं, घामेजलेले, हसरे. "ये ना गा बापू, बस. संत्री खाय." आणि आतून काकू संत्र्यांची ताटली घेऊन आल्या, ताटलीत संत्री गडगडत होती. त्यांनी माझ्याकडे बघून मान इतकी हळू हलवली की ती फक्त मलाच दिसावी. जा, असं त्या सांगत होत्या, तू गेल्यावर तुझ्या येण्याचं मलाच भोगावं लागेल. त्या दिवसापासून मला त्या माणसाचा मनापासून राग आहे. राग असलेल्या माणसावर लिहिताना हात आखडता घ्यायचा असतो म्हणतात. मी घेणार नाही.

काकाजींकडे एक जुनी पांढरी गाडी होती. एकदा उन्हाळ्यात ती तापली, काकाजी बोनट उघडून आत वाकले आणि बोनट टेकवून ठेवायचा रॉड खाचेतून निसटला. बोनट त्यांच्या पाठीवर आपटलं. एवढ्यावर त्यांनी तो रॉड बुडापासून उपटला, कंपाउंडच्या भिंतीवर आपटून आपटून वाकवला आणि रस्त्यावर फेकला. रॉडला शिक्षा झाली. पण गाडीला पुढच्या आठवड्यात पुन्हा पाणी घालायचं होतं. तेव्हा अंगणातून पहिल्यांदा हाक आली, "शेवंता, बोनट धर."

तेव्हापासून ती रीतच पडली. काकूंचे हात पिठाचे असोत की राखेचे, त्यांनी येऊन दोन्ही हातांनी बोनट वर धरून उभं राहायचं. काकाजी सावकाश पाणी भरायचे, बॅटरी पुसायचे, मध्येच फोन आला तर तिथंच वाकल्या वाकल्या संत्र्यांचे भाव बोलायचे. काकूंच्या दंडांना कंप सुटायचा. बोनट जरासं खाली आलं की काकाजी वर न बघता त्यांच्या पोटरीवर लाथ मारायचे. मी एकदा म्हणालो, "काकाजी, रॉड आणून देऊ का? कुठंही मिळतो."

"काहून?" ते म्हणाले आणि हनुवटीनं काकूंकडे दाखवलं. "हे आहे ना."

त्यांना एकुलती एक मुलगी होती, मनू. शांत, चष्म्यातली, शिकवण्या घेणारी. होळीनंतर कळलं की तिनं कळमेश्वरच्या एका मुलाशी नोंदणीनं लग्न करून टाकलं आहे. मुलगा तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्यात रातपाळीला होता. जात वेगळी होती हे तर झालंच, पण काकाजींना विचारलं नव्हतं ही त्याहून मोठी गोष्ट. त्या दुपारी भिंतीतून जे ऐकू आलं ते मी लिहीत नाही. मनू रिक्षात बसली तेव्हा तिचं डावं मनगट ओढणीत बांधलेलं होतं आणि चष्मा नव्हता. काकू रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. रिक्षा वळली तरी उभ्या होत्या. मागून येणारा टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी गाडीच्या डिक्कीत उभारी टाकली. उभारी म्हणजे बैलबंडीच्या कडेला उभा खोचतात तो बाभळीचा दांडा, मनगटाएवढा जाड. मग पानठेल्यावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "पोट्ट्याचे दोनी पाय मोडतो अन् पोट्टीले केसाले धरून आणतो." कोणी हसलं नाही. काकाजी जे बोलतात ते करतात, हे पारडीपासून कळमन्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मला तर खात्रीच होती की या उन्हाळ्यात कळमेश्वरात एक मुडदा पडणार, आणि तो मनूचा नसावा एवढंच मी मनातल्या मनात म्हणत होतो.

पण काकाजींना जगात एका गोष्टीची भीती होती. उन्हाची. आदल्या वर्षी बाजारात ऊन लागून ते क्रेटवर कोसळले होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर उठणार नाही. तेव्हापासून उन्हात जरा लांब जायचं तर डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि गाडीत एसी. सकाळी लिलाव असायचा. संध्याकाळी मोतीबिंदूमुळे समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत फुटायचे. राहिली भर दुपार. तीच वेळ सोयीची होती, कारण रातपाळीचा जावई दुपारी घरी झोपलेला असणार. ड्रायव्हर ते ठेवत नसत, ठेवलेले सगळे मार खाऊन पळाले होते.

आणि एसी दगा देऊ लागला.

पहिल्यांदा निघाले आणि काटोल नाक्याच्या अलीकडून परत आले, चेहरा लालबुंद. एसी बंद पडला होता. घरी येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू केला तर बर्फासारखी हवा. आठवड्यानं पुन्हा निघाले, पुन्हा तेच. कोपऱ्यावरच्या पप्पू मिस्त्रीनं गॅस तपासला, गॅस बरोबर. पट्टा बरोबर. तिसऱ्यांदा परत आले ते घरी न येता सरळ पप्पूच्या दुकानासमोर थांबले. पप्पू स्कूटरखाली आडवा होता. त्याला पायाला धरून बाहेर ओढलं, गाडीत बसवलं, गरम हवा त्याच्या तोंडावर सोडली. दाखवून झालं. मग हाणलं. पप्पूच्या कानातून रक्त आलं, त्या कानानं त्याला अजूनही कमी ऐकू येतं. त्यानं दुकान कळमन्याच्या पलीकडे हलवलं.

म्हणून काकाजी माझ्याकडे आले. मी मिहानमधल्या एका कंपनीत इमारतीच्या एसीची देखभाल बघतो. गाडीचा एसी हा वेगळा प्रकार आहे हे मी त्यांना सांगून पाहिलं. "एसी एसीच राह्यते ना बे," असं उत्तर आलं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला तो एसी दुरुस्त करायचाच नव्हता. काहीतरी करतो आहे असं दाखवत पावसाळा गाठावा, असा माझा बेत होता.

बाजार बंद असलेल्या एका दिवशी आम्ही अंगणातल्या कडुनिंबाखाली गाडी लावली. काकू बोनट धरून उभ्या. गाडी चालू ठेवून मी एकेक गोष्ट बघत गेलो. गॅसचा दाब नेमका हवा तेवढा. पुढचा पंखा फिरतो. एसीचा रिले काढून हॉर्नचा लावला, तरी चालतो. वायरी हलवून पाहिल्या, काही तुटत नाही. बराच वेळ गाडी उभी ठेवली, आतली हवा थंडगार. काकाजी माझ्या डोक्यावर पाना घेऊन उभे होते, पाना तळहातावर आपटत.

"काकाजी, बंद पडतो तो नेमका कधी?"

"कळमेश्वरले जाताना."

"आणि बाजारात जाताना?"

"नाई."

"बर्डीवर?"

"नाई गा. लकडगंजले गेलो, कामठीले जाऊन आलो, काईच नाई. कळमेश्वरले निघालो का बंद. नाटक करून राहिला."

मला हसू आलं. म्हटलं, गाडीला रस्ता कसा कळणार? तेवढ्यात बोनट हललं. मी वर बघितलं. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होत्या. मला वाटलं, हात दुखत असतील.

"बंद पडताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं तर समजेल," मी म्हणालो. गाडीत मी असलो तर त्या मुलाच्या दारात निदान एक माणूस मध्ये पडायला असेल, असाही एक विचार होता. काकाजींनी माझ्या पाठीत थाप मारली. ती दोन दिवस दुखली.

निघण्याच्या दिवशी मी त्यांच्या दारात उभा होतो तेव्हा आतून आवाज आला, "शेवंता, कांदा दे." काकूंनी कांदा आणून दिला. काकाजी आंघोळ करून देवघरात गेले, नारळ फोडत बसले. काकू मागच्या दारानं अंगणात गेल्या. मी पेपर चाळत होतो.

गाडीत सुरुवातीला छान गार होतं. काकाजी मजेत होते. रस्त्यात खड्डा आला की डिक्कीतली उभारी गडगडायची आणि ते मान डोलवायचे. मुलाला झोपेतून कसं उठवणार, आधी मनूच्या अंगावरची मंगळसूत्राची वाटी त्याला दाखवणार, मग कोणता पाय आधी, हे त्यांनी मला कामठी रोडपासून मानकापूरपर्यंत सविस्तर सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. मानकापूरच्या सिग्नलला गाड्यांची रांग लागली आणि हवा कोमट झाली. पुढच्या सिग्नलला गरम.

काकाजींनी डॅशबोर्डवर बुक्की मारली. हवेची जाळी फुटून आत गेली. दुसरी मारली, बोटांची सालटी निघाली. मग ते स्टिअरिंगवर डोकं आपटू लागले, चालत्या गाडीत, आणि मी म्हणालो, "काकाजी, समोर बघा," म्हणून उलट्या हाताची एक मला बसली. पोवळ्याच्या अंगठीनं ओठ फाटला. तोंडात रक्ताची चव घेऊन मी काट्याकडे बघत होतो. इंजिनाचा काटा वर चढला होता.

काटोल नाक्याच्या पुढे एका झाडाखाली त्यांनी गाडी घातली. मी बोनट धरलं. धग तोंडावर आली. काकाजींनी पाण्याची बाटली घेतली आणि इंजिन निवावं म्हणून पुढच्या जाळीवर ओतली.

आणि वास आला. वाळ्याचा. कूलरच्या ताटीवर पहिलं पाणी पडल्यावर येतो तो. नागपुरात जन्मलेल्या माणसाला हा वास ओळखायला विचार करावा लागत नाही. काकाजींना बाकी काही समजो न समजो, तो वास समजला. त्यांनी जाळीच्या मागे हात घातला आणि वाळ्याची एक मूठ उपटून काढली. जुनी, खाऱ्या पाण्यानं पांढरी पडलेली, दगडासारखी झालेली ताटी, बेतानं कापलेली आणि हिरव्या लुगड्याच्या काठानं बांधलेली. रेडिएटरच्या समोर बसवलेली. हवा आत जात नव्हती, गाडी तापत होती आणि तापली की आपला एसी आपणच बंद करत होती. घरी आल्यावर ताटी निघायची, जाळी मोकळी असायची. कांदा मागितला त्या दिवशीच तेवढी कोंडली जायची.

"मी ठेवला होता," मी म्हणालो. काय बोलतोय ते मलाही कळत नव्हतं.

काकाजींनी त्या हिरव्या काठावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग त्यांनी ती मूठ काळजीपूर्वक होती तिथं परत दाबून बसवली.

"राहू दे," ते म्हणाले. "तिले दाखवतो."

परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत. काचा खाली होत्या, झळा येत होत्या, दुपट्टा सुटून खांद्यावर पडला होता आणि त्यांना उन्हाची आठवण नव्हती. मी त्यांना ओरडताना पाहिलं होतं, मारताना पाहिलं होतं. गप्प पाहिलं नव्हतं. काकूंकडे फोन नव्हता, काकाजींनी तो मनू गेली त्या दिवशीच फोडला होता. गाडीतून उडी मारून मी त्यांच्या आधी पोचणार नव्हतो.

अंगणात गाडी थांबली. काकाजींनी डिक्कीतून उभारी काढली आणि बंपरला टेकवून ठेवली. आतली कळ ओढून बोनट सैल केलं.

"शेवंता. बोनट धर."

काकू आल्या. त्यांनी माझा ओठ बघितला, उभारी बघितली, काकाजींच्या फुटलेल्या मुठी बघितल्या. त्यांना सगळं समजलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"काकू, मी धरतो," मी पुढे झालो.

"तू बाजूले हो गा," काकाजी म्हणाले.

"राहू द्या बापू," काकू म्हणाल्या. "मले सवय आहे."

त्यांनी दोन्ही हातांनी बोनट वर घेतलं. पूर्ण वर, हात ताठ. काकाजी आत वाकले. पुढच्या पट्टीवर पोट टेकवून, डोकं आणि खांदे आत, उजवा हात जाळीच्या फटीत खोल. ताटी परत बसवताना घट्ट बसली होती, ओढून निघेना.

"पाह्य इकडं," ते आतून म्हणाले. "आधी नीट पाह्यून घे. काय हाय हे?"

"वाळा हाय."

"कोणं ठेवला?"

"म्या."

"काहून?"

"मनूसाठी." काकूंचा आवाज बाजारात कोथिंबीर मागताना असतो तेवढाच होता. "कळमेश्वरले जात नाई म्हना."

काकाजी हसले. त्यांनी मनूच्या नावानं एक शिवी दिली, मी ती सांगणार नाही, आणि डावा हात मागे करून उभारी चाचपू लागले. ती त्यांच्या बोटांना लागली.

काकूंनी हात सोडले.

फार मोठा आवाज झाला नाही. कूलरवरच्या हातांचा याहून जास्त व्हायचा. एक जाड धप्प आणि त्याच्या आत काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज. काकाजींचे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि पुन्हा टेकले. उभारी अंगणात गडगडत गेली. ते ओरडलेसुद्धा नाहीत, तेवढा श्वास उरला नव्हता. मग काकूंनी वाकून बोनटची कड पकडली आणि ते पुन्हा वर घेतलं. पूर्ण वर. हात ताठ.

"आता म्हना," त्या म्हणाल्या.

त्यांच्या दंडांना नेहमीसारखा कंप सुटला होता. बोनट थरथरत होतं. काकाजींनी मान वळवून खालून वर बघितलं, एका डोळ्यानं, आणि त्यांना ते थरथरणं दिसलं असावं. इतक्या वर्षांत त्यांनी वर बघितलंच नव्हतं.

"नाई जात," ते म्हणाले.

"कुठी?"

"कळमेश्वरले."

"बापू," काकू म्हणाल्या, "ह्यायले बाहीर काढा. माह्ये हात दुखून राहिले."

मी काढलं. आत कुठंतरी मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

खांद्याचं हाड मोडलं होतं आणि गळपट्टीचंही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकाजी म्हणाले, "बोनट पडलं. रॉड नोता." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, रॉड खरंच नव्हता. बाहेर बाकावर काकू चहा पीत बसल्या होत्या, बशीत ओतून, फुंकर घालून. मी विचारलं, एकट्यानं बोनट कसं धरायच्या आणि ताटी कशी बसवायच्या?

"डोक्यावर घेत होती ना," त्या म्हणाल्या. "पान्यानं भरला गुंड याच्याहून जड राह्यते. मागच्या सालची ताटी होती, अंगावर पान्याचा खार चढलता, हवाच जाऊ देत नव्हती. म्हटलं, कूलरले कोंडते तं गाडीले बी कोंडन." बशी खाली ठेवून त्यांनी तोंड पुसलं. "आज हात उशिरा सुटला, बापू. लय उशिरा."

माणूस एका दुपारीत सुधारतो यावर माझा विश्वास नाही. काकाजींच्या शिव्या बंद झाल्या नाहीत. भिंतीतून एकदोनदा भांड्याचा आवाजही आला. पण उजवा हात छातीच्या वर जाईनासा झाला होता आणि मारायला तेवढा हात लागतो. लिलावात ते डावा हात वर करून बोली लावायचे, ते कोणालाच खरं वाटायचं नाही. उभारी काकूंनी फोडून चुलीत घातली, मागच्या अंगणात पाणी तापवायला. दर बुधवारी त्या बसनं कळमेश्वरला जायच्या, डबा घेऊन. काकाजी विचारायचे नाहीत. त्यांना कांदा मागण्याचा प्रसंगही पुन्हा आला नाही.

मग मी कंपनीजवळ घर घेतलं आणि पारडी सोडली. सामान टेम्पोत चढत होतं त्या सकाळी मी त्यांना शेवटचं पाहिलं. ते अंगणात गाडीजवळ उभे होते. डाव्या हातात नवा कोरा रॉड होता, कुठून तरी स्वतः जाऊन आणलेला. गाडीला पाणी घालायचं होतं, कळ ओढलेली होती, बोनट बोटभर उघडलेलं होतं. मला बघून त्यांनी बोलावलं.

"बापू, जायच्या आधी हा बसवून दे गा. दोन मिंटाचं काम हाय."

मी रॉड घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आल्या. गालावर पदर नव्हता.

"रॉड काहून पायजे?" त्या म्हणाल्या. "मी आहे ना."

काकाजींनी त्यांच्याकडे बघितलं, बोनटकडे बघितलं. मग रॉड कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला, डाव्या तळहातानं बोनट हळूच दाबून बंद केलं आणि गाडीला पाणी न घालताच घरात गेले.